कातडीचा पडदा आणि जर्राहाची कात्री : एका लहान शस्त्रक्रियेची पूर्वपीठिका

शिश्नाच्या खालच्या बाजूची कातडी जिथे वृषणकोशाच्या कातडीला मिळते तिथे सर्वसाधारण पुरुषात एक स्पष्ट कोन असतो. काही पुरुषांत हा कोन नसतो. त्याऐवजी वृषणकोशाची कातडी शिडाच्या कापडासारखी वर ओढलेली असते आणि शिश्नाच्या मध्यापर्यंत, क्वचित अग्रभागापर्यंत पोचते. शिश्न वर उचलले की मधला पडदा ताणून दिसतो. बदकाच्या बोटांमध्ये जशी पातळ कातडी असते तसेच हे दिसत असल्याने युरोपीय वैद्यांनी लॅटिनमध्ये त्याला ‘पेनिस पाल्माटस’ असे नाव दिले. मराठीत आणि उर्दूत यासाठी रूढ शब्द नाही. शब्द नसला की तक्रार सांगता येत नाही आणि सांगता न आलेली तक्रार वैद्याच्या दारापर्यंत जात नाही, हा या विषयाचा पहिला अडसर होय.

ही व्यंगता आतल्या अवयवाची नसते. शिश्नाचा दंड, मूत्रमार्ग, वृषण हे सर्व बहुधा निकोप असतात. बिघाड असतो तो वरच्या आवरणात. म्हणून लघवीला अडथळा होत नाही, अपत्य होण्यातही सहसा अडचण येत नाही. पण शिश्न आहे त्यापेक्षा आखूड दिसते, ताठरतेच्या वेळी वृषणकोश वर ओढला जातो, समागमात कातडीला ताण बसतो, निरोध नीट बसत नाही. तरुण पुरुष हे सगळे विवाहानंतर कळून घेतो आणि कुणाशी बोलत नाही. यावरची शस्त्रक्रिया आज तुलनेने साधी मानली जाते. तिचा इतिहास मात्र साधा नाही. तो अरबी जर्राहीतून, ग्रीक ग्रंथांतून, आयुर्वेदातून आणि शेवटी आपल्या समाजात घरोघरी होणाऱ्या खतन्यातून, म्हणजे मराठीत ज्याला सुंता म्हणतात त्या विधीतून, जातो.

मुस्लिम शिक्षणसंस्थांच्या व्याख्यानांतून आणि स्मरणिकांतून अबुल् कासिम खलफ इब्न अब्बास अल्-झहरावी याचे नाव नेहमी घेतले जाते. कुर्तुब्याजवळच्या मदीनतुझ्झहरा या राजनगरीशी त्याचे नाते होते. त्याचा काळ साधारण ९३६ ते १०१३ हा धरला जातो. ‘किताब अत्-तसरीफ’ हा त्याचा ग्रंथ तीस मकाल्यांचा असून तिसावा मकाला संपूर्णपणे हाताच्या कामाचा, म्हणजे जर्राहीचा आहे. त्यात दोनशेच्या आसपास हत्यारांच्या आकृत्या आहेत. बाराव्या शतकात तुलैतुला, म्हणजे टोलेडो येथे क्रेमोनाच्या जेरार्डने या मकाल्याचा लॅटिन अनुवाद केला आणि पुढे कित्येक पिढ्या युरोपीय शल्यविद्या त्यावर पोसली गेली. १७७८ साली ऑक्सफर्डहून जॉन चॅनिंगने अरबी मूळ आणि लॅटिन अनुवाद एकत्र छापला. आपल्याकडे १९०८ मध्ये लखनौला हा मकाला शिळाछापावर निघाला. १९७३ मध्ये स्पिंक आणि ल्यूइस यांची अरबी-इंग्रजी आवृत्ती आली आणि त्यानंतर अरबी न जाणणाऱ्या अभ्यासकालाही मजकूर पडताळून पाहणे शक्य झाले.

पडताळून पाहणे हाच मुद्दा आहे. झहरावीने सर्व काही आधीच लिहून ठेवले आहे, अशी वाक्ये आपल्याकडे सहज बोलली जातात. प्रस्तुत विषयापुरते पाहिले तर हे खरे नाही. शिश्न आणि वृषणकोश यांमधल्या पडद्याचे वर्णन तिसाव्या मकाल्यात नाही. मात्र त्याच्या अगदी शेजारचे तीन विषय आहेत आणि ते तिन्ही नीट वाचले तर नुसत्या गौरवापेक्षा अधिक काही हाती लागते.

पहिला विषय वृषणकोशाच्या सैल कातडीचा. काही माणसांत आतले अवयव जागेवर असूनही बाहेरची कातडी ढिली पडते आणि लोंबते, ते दिसायला वाईट दिसते, असे झहरावी सांगतो. उपाय असा : रोग्याला उताणे झोपवावे, जेवढी कातडी सैल आहे तेवढी घट्ट कातडीपर्यंत कापून टाकावी आणि जखमेच्या दोन्ही कडा टाक्यांनी जुळवाव्यात. किंवा आधी जादा कातडीला तीन-चार टाके घालून घ्यावेत, मग टाक्यांबाहेरचा भाग कापावा आणि इतर जखमांप्रमाणे ती भरून येईपर्यंत, धागे गळून पडेपर्यंत उपचार करावेत. आजचा शल्यविशारद हे वाचून दचकणार नाही. जादा कातडी मोजणे, काढणे, कडा जुळवणे हा क्रम तोच आहे. विशेष म्हणजे येथे कारण वेदना नाही, ताप नाही, तर ‘वाईट दिसते’ हे आहे. हजार वर्षांपूर्वीच्या कुर्तुब्यात पुरुषाला आपल्या या अवयवाच्या रूपाबद्दल खंत वाटत होती आणि वैद्य त्या खंतीला हसत नव्हता.

पण ही पद्धत झहरावीची स्वतःची नव्हे. सातव्या शतकात इस्कंदरियेत पॉलस एजिनेटा याने आपल्या ग्रीक वैद्यकसंग्रहाच्या सहाव्या भागात हीच विकृती ‘रॅकोसिस’ या नावाने दिली आहे. तिथे लिओनिडीसची पद्धत एक आणि अँटिलस या दुसऱ्या शतकातील शल्यवैद्याची, आधी टाके मग छेद ही, पद्धत दुसरी, अशी नावानिशी नोंद आहे. पॉलसचा ग्रंथ हुनैन इब्न इसहाकने अरबीत आणला होता. झहरावीकडे तो त्या वाटेने आला. यात कमीपणा काही नाही. अँटिलसचे मूळ ग्रंथ बुडाले, त्याची रीत मात्र अरबीतून टिकली आणि अरबीतून लॅटिनला परत गेली. ज्ञानाची ही ये-जा सांगितली तर विद्यार्थ्याला इतिहास कळतो. ‘हे सर्व आमचेच’ असे सांगितले तर त्याला फक्त अभिमान मिळतो, आणि तो पहिल्याच चिकित्सक प्रश्नापुढे टिकत नाही.

दुसरा विषय मूत्रद्वार योग्य जागी नसलेल्या मुलांचा. याला ग्रीक नाव हायपोस्पेडियस, आणि आधुनिक वैद्यकातही तेच चालते. मूत्रद्वार शिश्नाच्या टोकाला न उघडता खालच्या बाजूला उघडते. असा मुलगा शिश्न वर धरल्याखेरीज पुढे लघवी करू शकत नाही आणि मोठेपणी वीर्य सरळ जात नसल्याने त्याला अपत्य होणे कठीण, असे झहरावी लिहितो. त्याने सांगितलेली शस्त्रक्रिया अशी की डाव्या हाताने हश्फा, म्हणजे अग्रभाग, ताणून धरावा आणि बोरूचे टोक तासतात तसा छेद घ्यावा, म्हणजे मधला भाग हश्फ्यासारखा पुढे येईल आणि द्वार योग्य जागी पडेल. कलम तासणाऱ्या समाजातला हा दृष्टांत आहे. खत्तातीचा ज्याला परिचय आहे त्याला आकृती न पाहताही छेदाचा कोन कळतो. आज ही रीत कुणी वापरत नाही, कारण तीत अग्रभागाचा काही अंश गमवावा लागतो. आजचा शल्यविशारद नवा मूत्रमार्ग बनवतो आणि त्यासाठी अनेकदा जी कातडी वापरतो ती कुल्फ्याची, म्हणजे सुंतेत जी कापून टाकली जाते तिची. हा धागा पुढे पुन्हा येईल.

तिसरा विषय खुद्द खतन्याचा, आणि येथे झहरावी पूर्णपणे स्वतःच्या पायावर उभा आहे. आधीच्या लोकांनी आपल्या ग्रंथांत खतन्याचा उल्लेख केलेला नाही, कारण त्यांच्या धर्मात तो नव्हता, म्हणून आपल्याला जे कळले ते अनुभवाने कळले, असे तो सरळ सांगतो. मग त्याच्या काळातील जर्राह आणि हज्जाम वापरत असलेल्या रीती तो एकेक करून तपासतो. वस्तऱ्याने कापले तर कुल्फ्याच्या दोन थरांपैकी वरचा कापला जातो, खालचा राहून जातो आणि पोराला दुसऱ्यांदा वेदना सोसावी लागते. ‘फल्का’ नावाच्या कड्याने केले तर शिश्नाचे टोकच त्यात शिरून कापले जाण्याची भीती. नखाच्या आधाराने केले तर लोखंड घसरते. स्वतः सगळ्या रीती करून पाहिल्यावर त्याने कात्री आणि दोरा ही जोडी निवडली, कारण कात्रीची दोन्ही पाती सारख्याच जोराने एकमेकांवर येतात आणि छेद समान होतो. कातडी दोन ठिकाणी दोऱ्याने बांधायची आणि दोन गाठींच्या मध्ये कापायचे. नंतर वाळलेल्या दुधीची राख भुरभुरायची आणि त्यावर गुलाबपाण्यात शिजवलेले अंड्याचे बलक गुलाबतेलात घोटून कापडावर लावायचे.

या प्रकरणातली दोन वाक्ये शिक्षकांच्या विशेष लक्षात राहतील अशी आहेत. एक, मुलगा थोडा समजता असेल तर त्याला आज फक्त दोरा बांधायचा आहे असे वाटू द्यावे, त्याला हसवावे आणि कात्री अस्तनीत किंवा पायाखाली लपवावी. दोन, काही मुले जन्मतःच अपुऱ्या कुल्फ्याची असतात, त्यांना खतन्याची गरज नसते आणि असे मूल आपण पाहिले आहे. म्हणजे कापण्यापूर्वी पाहावे, सगळ्या मुलांची कातडी सारखी नसते, हे त्याच्या लेखणीतून उतरले आहे. पडद्याचे नाव त्याच्याजवळ नव्हते, पण सावधपणा होता.

पडद्याचे वर्णन त्याच्याकडे का नसावे, याचा अंदाज बांधता येतो. ज्या समाजात बालपणीच कुल्फा काढला जातो तिथे प्रौढ पुरुषातील पडदा जन्माचा की कात्रीचा हे ओळखणे अवघड असते. आणि जिथे खतना नव्हता त्या ग्रीक जगात लांब कुल्फ्यामुळे शिश्नाची आखूड दिसणारी खालची बाजू कुणाच्या डोळ्यांत भरली नसावी. हा तर्क आहे, पुरावा नव्हे. तरी आधुनिक वैद्यकाला या विकृतीचे वर्ग पाडताना पहिली रेषा जन्मजात आणि उत्तरजात यांच्यातच ओढावी लागली, हे ध्यानात घेतले तर तर्क अगदी निराधार वाटत नाही.

भारतीय बाजूही थोडक्यात पाहायला हवी. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात क्षुद्ररोगांमध्ये परिवर्तिका, अवपाटिका आणि निरुद्धप्रकश असे कुल्फ्याचे तीन विकार आले आहेत. पहिल्यात मागे सरलेली कातडी अडकून बसते, दुसऱ्यात ती फाटते, तिसऱ्यात तिचे तोंड आवळलेले असते. तिसऱ्यावरचा उपाय असा की दोन्ही बाजूंनी उघडी, तूप लावलेली नळी आत घालावी आणि तीन-तीन दिवसांनी ती अधिकाधिक जाड वापरीत जावे. कापण्याची घाई नाही, ताणत ताणत जागा करायची. येथेही पडदा नाही. मात्र शारीरस्थानात सुश्रुताने शरीरातील सात सेवनी, म्हणजे शिवणी, मोजल्या आहेत. पाच डोक्यात, एक जिभेला आणि एक शिश्नाला. शस्त्राने त्या टाळाव्यात असे त्याचे सांगणे आहे. बरमकी वजीर याह्या इब्न खालिद याच्या सांगण्यावरून मन्का नावाच्या भारतीय वैद्याने बगदादेत सुश्रुताचा ग्रंथ अरबीत उतरवला, ही नोंद इब्न अन्-नदीमच्या दहाव्या शतकातील ‘अल्-फिहरिस्त’मध्ये मिळते. संस्कृत आणि अरबी यांचे नाते दिल्ली सल्तनतीपासून सुरू झाले असे समजणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी.

अंदलुसनंतरचा महत्त्वाचा मुक्काम अनातोलियात. अमास्याच्या दारुश्शिफेत काम केलेल्या शरफुद्दीन साबुनजुओग्लू याने १४६५ मध्ये, वयाच्या ऐंशीच्या घरात, ‘जर्राहिय्यतुल् खानिय्या’ हा ग्रंथ तुर्की भाषेत लिहिला आणि सुलतान महमद फातिहला अर्पण केला. मजकुराचा मोठा भाग झहरावीचा आहे, त्यात त्याने स्वतःचे अनुभव घातले आहेत. नवे आहे ते दुसरेच. झहरावीने हत्यारांची चित्रे काढली होती, साबुनजुओग्लूने माणसांची काढली. वैद्य, रोगी, त्यांच्या बसण्याझोपण्याच्या स्थिती, हात कुठे आणि हत्यार कुठे, हे रंगांत. अरबी ही विद्वानांची भाषा असताना त्याने तुर्की निवडली, कारण त्याच्या भागातील जर्राहांना अरबी येत नव्हती. मातृभाषेतून वैद्यक शिकवण्याचा हा निर्णय दखनेत पुढे हैदराबादेत दिसतो. तिथली वैद्यकशाळा १८४६ साली सुरू झाली ती उर्दू माध्यमातून, आणि उस्मानिया विद्यापीठात १९१८ नंतर पुन्हा वैद्यकासकट सर्व विषय उर्दूतून शिकवले गेले. त्याच हैदराबादेत १८८८ आणि १८८९ मध्ये एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने आणि निजाम महबूब अली खान यांच्या खर्चाने क्लोरोफॉर्म आयोग बसले. भुलीच्या औषधाने मरण येते ते हृदय थांबून की श्वास थांबून, हा त्यांचा प्रश्न होता. उत्तर पुढे चुकीचे ठरले. तरी भूल सुरक्षित झाल्याखेरीज ‘वाईट दिसते’ एवढ्या कारणासाठी कुणी कात्रीखाली जाणार नाही, हे उघड आहे.

भुलीपूर्वीची स्थिती काय होती ते बंगालमध्ये दिसते. हत्तीरोगाने वृषणकोश मणभर वजनाचा होई, शिश्न त्या मांसात बुडून जाई आणि लघवी एका खोल छिद्रातून बाहेर येई. जेम्स एस्डेल याने १८४५ पासून हुगळीत अशा रोग्यांवर संमोहनाच्या आधाराने शस्त्रक्रिया केल्या. पुढे कलकत्ता मेडिकल कॉलेजात जोसेफ फेअररने क्लोरोफॉर्म वापरून त्या केल्या. १८३१ मध्ये हू लू नावाच्या चिनी तरुणाला अशाच ५६ पौंडांच्या गाठीसाठी लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलात नेण्यात आले आणि प्रेक्षकांनी भरलेल्या खोलीत, भुलीविना, तो टेबलावरच मरण पावला. हत्तीरोग आणि कातडीचा पडदा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण वृषणकोशाची कातडी कुठपर्यंत काढता येते, उरलेली किती ताणते, शिश्नाला आवरण कोठून द्यायचे, हे धडे वसाहतीतील रुग्णालयांनी या गरीब रोग्यांच्या शरीरावर गिरवले. शल्यविद्येच्या इतिहासात शल्यविशारदांची नावे उरतात. रोग्यांपैकी हू लूसारखे एखादेच.

आता खुद्द पडद्यावरील शस्त्रक्रियेकडे. तिच्या मुळाशी दोन युक्त्या आहेत आणि दोन्ही मूळच्या दुसऱ्याच अवयवांच्या आहेत. एक जठराची. १८८० च्या दशकात वॉल्टर हाइनके आणि योहान फॉन मिकुलिच यांनी स्वतंत्रपणे, जठराचे अरुंद झालेले तोंड रुंद करण्यासाठी उभा छेद घेऊन तो आडवा शिवला. लांबी थोडी घटली, रुंदी वाढली. हीच युक्ती उलटी करून पडद्यावर वापरतात. पडद्याला आडवा छेद द्यायचा आणि तो उभा शिवायचा, म्हणजे शिश्नाच्या खालच्या बाजूची लांबी वाढते, वृषणकोश मागे सरतो आणि हरवलेला कोन परत येतो. कापड बेतणाऱ्या कोणत्याही शिंप्याला हे समजावून सांगावे लागणार नाही.

दुसरी युक्ती पापणीची आणि भाजलेल्या मानेची. इंग्रजी झेड अक्षराच्या आकाराचा छेद घेऊन कातडीचे दोन त्रिकोण एकमेकांच्या जागी फिरवायचे. १८३७ मध्ये अमेरिकेत विल्यम हॉर्नरने आणि १८५० च्या दशकात फ्रान्समध्ये डेनोनव्हिलिए याने पापणीसाठी असे काही केले. रशियन शल्यविशारद लिंबर्ग याने १९२९ मध्ये त्याचे गणित मांडले. त्रिकोणाचा कोन ३० अंशांचा असेल तर मधल्या रेषेची लांबी सैद्धांतिक हिशेबाने २५ टक्के वाढते, ४५ अंशांना ५० टक्के आणि ६० अंशांना ७५ टक्के. प्रत्यक्ष कातडी या हिशेबाइतकी आज्ञाधारक नसते. पण तत्त्व खरे आहे : नवी कातडी न आणता, आहे तीच फिरवून, ताण एका दिशेतून दुसऱ्या दिशेत वळवता येतो. पडदा लहान असेल तर आडवा छेद पुरतो, रुंद असेल तर एक किंवा अनेक झेड घेतात. कातडी आतल्या आवरणांना चिकटलेली असेल तर ती पूर्ण मोकळी करून, शिश्न आणि वृषणकोश यांच्या कोनात आतून टाके घालून जागेवर बसवतात.

१९७२ मध्ये अमेरिकेत पर्लमटर आणि चेंबरलेन यांनी वाकडेपणाविना असलेल्या पडद्याचे स्वतंत्र वर्णन केले. १९८६ मध्ये मॅक्स मेझेल्स आणि सहकाऱ्यांनी ‘लपलेल्या’ शिश्नाच्या प्रकारांची वर्गवारी केली, तीत चरबीत बुडालेले, पडद्याने ओढलेले आणि सुंतेच्या व्रणात अडकलेले असे वेगवेगळे प्रकार स्पष्ट झाले. आपल्या वाचकांना अधिक जवळचा वाटेल तो पुढचा टप्पा. २०१० मध्ये अल्-कुतबी आणि अल्-गोहरी या दोन अरब शल्यविशारदांनी केवळ या पडद्याची नवी वर्गवारी प्रसिद्ध केली, आणि ती भारतीय बालशल्यविशारदांच्या संघटनेच्या इंग्रजी नियतकालिकात. त्यांनी आधी जन्मजात आणि खतन्यानंतरचा असे दोन भाग केले. जन्मजात पडद्यात साधा आणि संमिश्र. साध्यात पडदा शिश्नाच्या मुळाच्या, मधल्या की टोकाच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत पोचतो यावरून तीन पायऱ्या.

‘खतन्यानंतरचा’ हा शब्द येथे थांबून वाचायला हवा. शिश्नाची वरची कातडी आणि खालची कातडी सारख्या लांबीची नसते. पडदा असलेल्या मुलात खालची आधीच अपुरी असते. हज्जामाने किंवा घाईत असलेल्या डॉक्टरने कुल्फा सगळीकडून सारखा ओढला आणि एका फटक्यात कापला, तर खालच्या बाजूने शिश्नाचीच कातडी जाते. जखम भरताना उरलेली तूट वृषणकोश भरून काढतो, तो वर ओढला जातो आणि केस असलेली कातडी शिश्नावर येते. जिथे पडदा थोडा होता तिथे तो मोठा होतो, जिथे नव्हता तिथे तयार होतो. याउलट कुल्फा शिल्लक असेल तर त्याचाच उपयोग करून शल्यविशारद पडदा आणि खतना ही दोन्ही कामे एकाच बैठकीत करू शकतो. हायपोस्पेडियसच्या मुलाबाबत हे अधिकच खरे. म्हणून बालशल्यविशारद आज या दोन्ही व्यंगांत नेहमीच्या पद्धतीचा खतना करू नये असे सांगतात. आधी तपासणी, मग दुरुस्ती, आणि खतना त्या दुरुस्तीचाच भाग.

कुटुंबाला हे सांगणे सोपे नसते. तारीख ठरलेली असते, पाहुणे आलेले असतात, आजी नवस बोललेली असते. ‘पुढे ढकला’ म्हटले की धर्माचे काम ढकलल्यासारखे वाटते. पण फिक्हची भूमिका अशी नाही. कोकणी मुसलमानांच्या शाफई मजहबात खतना वाजिब आहे, दखनी आणि उत्तरेकडील हनफींत तो सुन्नत आहे. तरी बालकाला अपाय होण्याची भीती असेल तर थांबावे, हे दोन्हीकडे मान्य आहे. चौदाव्या शतकातील दमास्कसचे विद्वान इब्न कय्यिम यांनी नवजात बालकासंबंधीच्या विधींवर ‘तुहफतुल् मौदूद’ हा स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यात खतना केव्हा माफ होतो याचे प्रकरण आहे. जन्मतः कुल्फा नसलेला आणि सोसण्याची ताकद नसलेला हे त्यातले प्रसंग. वैद्यक न शिकता वैद्यकी करणारा नुकसानीला जबाबदार, या आशयाची हदीस अबू दाऊद आणि इब्न माजा यांच्या संग्रहांत आहे आणि फुकहांनी ती खतना करणाऱ्यालाही लावली आहे. आपल्या गावांत हज्जामाला आदराने खलीफा म्हणतात. त्याच्या हाताची सफाई पिढीजात असते, पण व्यंग ओळखण्याचे शिक्षण त्याला कुणी दिलेले नसते. दोष द्यायचाच तर तो शिक्षण न देणाऱ्यांकडे अधिक जातो. झहरावीने मकाल्याच्या प्रस्तावनेतच शरीररचना न शिकता हत्यार धरणाऱ्यांनी घेतलेले बळी वर्णिले आहेत. मुतखडा काढताना मूत्राशयाचा तुकडाही ओढून काढलेल्या म्हाताऱ्याची हकिगत त्यांपैकीच. तो तिसऱ्या दिवसापर्यंत गेला.

प्रौढ पुरुषाने केवळ रूपासाठी किंवा समागमातील अडचणीसाठी शस्त्रक्रिया करून घ्यावी काय, हा प्रश्नही विचारला जातो. अल्लाहच्या निर्मितीत बदल नको, हा आक्षेप. याचे उत्तर देताना उलेमा अर्फजा इब्न असअद या सहाबींचे उदाहरण देतात. कुलाबच्या लढाईत त्यांचे नाक गेले होते आणि पैगंबरांनी त्यांना सोन्याचे नाक लावण्याची परवानगी दिली. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने २००७ मध्ये मलेशियातील पुत्रजाया येथील अठराव्या अधिवेशनात सौंदर्यशस्त्रक्रियेवर ठराव केला. जन्मजात किंवा अपघाताने आलेले व्यंग दूर करणे जायज, निकोप शरीराला केवळ हौसेखातर बदलणे नाजायज, अशी रेषा त्यात आहे. पडदा या रेषेच्या अलीकडेच पडतो. मात्र लांबी वाढवून मिळेल अशा जाहिरातींना भुलून जाणाऱ्याला हे सांगायला हवे की या शस्त्रक्रियेने शिश्न लांब होत नाही. झाकलेला भाग दिसू लागतो, एवढेच.

प्रौढांत ही शस्त्रक्रिया अधिक माहीत झाली ती वेगळ्याच वाटेने. नपुंसकत्वावर शिश्नात बसवायचे फुगवता येणारे कृत्रिम दंड १९७३ मध्ये अमेरिकेत स्कॉट आणि सहकाऱ्यांनी आणले. ते बसवून घेतलेले अनेक पुरुष शिश्न आखूड झाल्याची तक्रार करीत. २००७ मध्ये फ्लोरिडातील एका गटाने दंड बसवतानाच खालचा पडदा काढण्याची रीत प्रसिद्ध केली आणि त्यानंतर ती अशा शस्त्रक्रियांत पुष्कळ ठिकाणी जोडली जाऊ लागली. एकट्या पडद्यासाठीही प्रौढ रोगी येतात. साध्या पडद्याला फार वेळ लागत नाही. सूज आणि रक्त साकळणे हे नेहमीचे धोके, कडा उसवणे आणि जाड व्रण हे क्वचितचे. समागम साधारण चार ते सहा आठवडे टाळावा लागतो. मधुमेह असलेल्याने आधी साखर आटोक्यात आणावी लागते, तंबाखू ओढणाऱ्याची जखम उशिरा भरते.

आडवा छेद उभा शिवल्यावर टाक्यांची जी रेषा तयार होते ती शिश्नाच्या खालून वृषणकोशाकडे जाणाऱ्या नैसर्गिक शिवणीवरच पडते. गर्भात दोन्ही बाजूंच्या घड्या एकमेकींना मिळतात तेव्हा उरलेली ती खूण. सुश्रुताने शस्त्राला जी सेवनी वर्ज्य सांगितली होती तिच्यावरच आजचा शल्यविशारद मुद्दाम आपला शेवटचा टाका घालतो, आणि काही महिन्यांनी नवी शिवण कोणती आणि जन्माची कोणती हे तपासणाऱ्यालाही सहसा सांगता येत नाही.